वय कळावे, माणूस कळू नये : वयपडताळणीच्या कायद्यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

प्रौढांसाठी असलेल्या संकेतस्थळांवर अल्पवयीन मुलामुलींनी जाऊ नये, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाचे वय तपासायला लावणारे कायदे 2023 पासून धडाधड होत आहेत. अमेरिकेत वीसहून अधिक राज्यांनी ते केले. ब्रिटनमध्ये 25 जुलै 2025 पासून अंमलबजावणी सुरू झाली. फ्रान्स आणि इटलीही त्याच वाटेने गेले. ऑस्ट्रेलियाने तर 10 डिसेंबर 2025 पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायलाच मनाई केली. कायदे पुढे आणि अभ्यास मागे, अशी आजची स्थिती आहे. म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येक नव्या अभ्यासकाचे मनापासून स्वागत. इथे मते मांडणारे पुष्कळ आहेत. बसून काम करणारे अजून थोडे आहेत.

हा विषय कोणा एका शाखेच्या मालकीचा नाही. वकिलाला इथे क्रिप्टोग्राफीची बाराखडी गिरवावी लागते आणि इंजिनिअरला निवाडे वाचावे लागतात. मुलांशी रोज बोलणारी शाळेतली शिक्षिका किंवा समुपदेशक या दोघांनाही ठाऊक नसलेले काहीतरी सांगू शकते. कुठल्याही दाराने आत आलात तरी चालेल, पण एक प्रश्न हाताशी ठेवा. माझ्या मते या विषयाचा गाभा तोच आहे : वय तपासणारा, तपासून झाल्यावर विसरतो का?

हा प्रश्न कुठून आला ते कळायला इंटरनेटच्या बरेच मागे जावे लागते. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बेलमोर नावाचे गाव आहे. तिथे सॅम गिन्सबर्ग आणि त्याची बायको मिळून एक दुकान चालवत. वह्या-पेन, वर्तमानपत्रे-मासिके आणि बसून खाण्याचीही सोय, असे ते दुकान. ऑक्टोबर 1965 मध्ये सोळा वर्षांच्या एका मुलाने तिथून नग्न चित्रांची मासिके विकत घेतली. त्याला त्याच्या आईनेच पाठवले होते, दुकानदारावर खटला भरता यावा म्हणून. सतरा वर्षांखालच्या मुलांना असा मजकूर विकणे न्यूयॉर्कच्या कायद्याने गुन्हा होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1968 साली न्यायमूर्ती ब्रेनन यांनी बहुमताचा निवाडा लिहिला : सज्ञानांच्या बाबतीत जे अश्लील ठरत नाही, ते मुलांना विकायला सरकार मनाई करू शकते. आईवडिलांना स्वतः ते विकत घेऊन मुलाला द्यायचे असेल, तर त्यांना हा कायदा अडवत नाही, हेही न्यायालयाने नोंदवले.

निवाड्यात जे लिहिलेले नाही, तेच आज सर्वांत महत्त्वाचे झाले आहे. गिन्सबर्गच्या दुकानात सज्ञान गिऱ्हाईक आले, तर दुकानदाराने तोंडाकडे पाहायचे, पैसे घ्यायचे, मासिक द्यायचे. शंका आलीच तर ओळखपत्र मागायचे आणि परत करायचे. नाव वहीत उतरवायचे कारण नव्हते. चाळीस वर्षांच्या माणसाला या तपासणीची किंमत शून्य होती, म्हणून न्यायालयाला तिचा विचारही करावा लागला नाही. संकेतस्थळाला तोंड दिसत नाही. वय कळायचे तर काहीतरी मागून घ्यावे लागते, आणि मागून घेतलेली गोष्ट कुठेतरी साठते. पुढच्या सगळ्या वादांची मुळे इथे आहेत.

अमेरिकेने पहिला प्रयत्न 1996 च्या कम्युनिकेशन्स डीसेन्सी ॲक्टने केला. पुढच्याच वर्षी 'रेनो विरुद्ध एसीएलयू' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा मुख्य भाग रद्द केला. समोरचा माणूस किती वर्षांचा हे ओळखण्याचे व्यवहार्य साधनच नव्हते, त्यामुळे मुलांना वाचवताना मोठ्यांचेही बोलणे बंद होत होते. त्या निकालात न्यायमूर्ती ओ'कॉनर यांचे वेगळे मत आहे, ते जरूर वाचावे. शहरात जसे काही व्यवसायांना ठरावीक विभागातच परवानगी असते तसे इंटरनेटवर करता येईल का, याचा विचार त्यांनी केला होता आणि तंत्रज्ञान बदलले तर उत्तर बदलू शकेल, ही वाट मोकळी ठेवली होती. 1998 मध्ये दुसरा कायदा आला, त्यात क्रेडिट कार्ड ही सज्ञानपणाची खूण मानली होती. तोही 2004 मध्ये अडला. घरच्या संगणकावर आईवडिलांनी फिल्टर बसवणे हा कमी जाचक उपाय आहे, असे मत पाच विरुद्ध चार अशा बहुमताने पडले. 2009 साली तो कायदा कायमचा निकालात निघाला.

या काळातला एक प्रसंग नवख्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगा आहे. जुलै 1995 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने सायबरपोर्नवर मुखपृष्ठकथा केली. तिचा आधार होता कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका पदवीच्या विद्यार्थ्याचा शोधनिबंध. युजनेटच्या ज्या गटांत चित्रे ठेवली जात, तिथली 83.5 टक्के चित्रे अश्लील आहेत, असा त्यातला आकडा. सिनेटमध्येही त्याचा दाखला दिला गेला. जाणकारांनी काही आठवड्यांतच त्या संशोधनाच्या पद्धतीतल्या चुका दाखवून दिल्या, पण तोवर आकडा सगळीकडे पोचला होता. मुलांविषयीची काळजी खरी असते. म्हणूनच तिच्या नावाने आलेला आकडा कोणी तपासून घेत नाही, आणि ते काम आपल्याकडे येते.

आताची लाट लुइझियानातून उठली. तिथल्या लोकप्रतिनिधी लॉरी श्लेगेल व्यवसायाने समुपदेशक. आपण साधारण अकराव्या वर्षापासून पोर्न पाहत होतो आणि त्याने आपले फार नुकसान झाले, असे गायिका बिली आयलिशने डिसेंबर 2021 मध्ये एका रेडिओ-मुलाखतीत सांगितले. श्लेगेल यांनी ते ऐकले आणि 2022 मध्ये विधेयक आणले. कायदा 1 जानेवारी 2023 पासून लागू झाला. ज्या संकेतस्थळाचा एक तृतीयांशाहून अधिक मजकूर मुलांना अपायकारक आहे, त्याने वय तपासलेच पाहिजे. नाही तपासले आणि मुलाचे नुकसान झाले, तर पालक दिवाणी दावा लावू शकतात.

आजची ही तपासणी कशी होते ते लुइझियानातच जवळून पाहू. त्या राज्यात वाहन परवाना फोनवर ठेवण्याची 'एलए वॉलेट' नावाची सोय आधीपासून होती. माणूस पोर्नहबसारख्या संकेतस्थळावर गेला की आधी एक पान उघडते. तिथून त्याला तपासणाऱ्या तिसऱ्या कंपनीकडे पाठवले जाते. तो आपल्या वॉलेटमधून संमती देतो आणि संकेतस्थळाकडे फक्त 'अठरा पूर्ण' एवढाच निरोप जातो. नाव जात नाही, पत्ता जात नाही. कागदावर ही व्यवस्था बरीच सभ्य आहे. तरीही कंपनीच्या म्हणण्यानुसार त्या राज्यातली पोर्नहबची वर्दळ सुमारे 80 टक्क्यांनी घटली. ती घट मुलांची होती, की मधल्या पानावर थबकून मागे फिरलेल्या सज्ञानांची? लोकांनी पाहणे सोडले, की दुसरीकडे पाहायला लागले? गुगलवरच्या शोधांचा कल पाहणाऱ्या संशोधकांना असे आढळले, की कायदा लागू झालेल्या राज्यांत नियम पाळणाऱ्या मोठ्या संकेतस्थळाचा शोध कमी झाला आणि नियम न पाळणाऱ्याचा वाढला. व्हीपीएनचाही वाढला. म्हणजे जो कायदा पाळतो त्याचे गिऱ्हाईक तुटते आणि जो पाळत नाही त्याचे वाढते. कायदा लिहिणाऱ्याने याचे उत्तर दिले पाहिजे.

त्या एक तृतीयांशाच्या अटीचेही असेच आहे. इंग्लंडच्या बाल आयुक्तांनी 2023 मध्ये सोळा ते एकवीस वयाच्या तरुणांच्या पाहणीचा अहवाल काढला. पोर्न पहिल्यांदा पाहिल्याचे सरासरी वय तेरा निघाले. कुठे पाहिले, या प्रश्नाला सर्वाधिक म्हणजे 41 टक्के मुलामुलींनी ट्विटरचे नाव घेतले, खास पोर्नच्या संकेतस्थळांचे 37 टक्क्यांनी. ट्विटरवरचा एक तृतीयांश मजकूर काही अश्लील नाही, त्यामुळे लुइझियानाच्या धर्तीचा कायदा त्याला शिवतही नाही. ब्रिटनच्या कायद्याने असे प्रमाण ठरवले नाही, समाजमाध्यमांनाही त्यात घेतले. माझ्या मते त्या बाबतीत तरी तो अधिक जमिनीवरचा आहे.

टेक्ससने 2023 मध्ये तोच साचा उचलला, दंड मात्र जबर ठेवला. 'फ्री स्पीच कोॲलिशन विरुद्ध पॅक्स्टन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 27 जून 2025 रोजी सहा विरुद्ध तीन अशा मतांनी तो वैध ठरवला. 'रेनो' आणि 2004 च्या खटल्यात वापरलेला सर्वांत कडक निकष न्यायमूर्ती थॉमस यांनी इथे लावला नाही, मधला निकष पुरेसा मानला. सज्ञानांवर पडणारा भार हा मुलांना अडवताना ओघाने येणारा भार आहे, हा त्यांचा युक्तिवाद. न्यायमूर्ती केगन यांनी विरोधी मत लिहिले. मुलांना अडवू नये, असे त्या म्हणत नाहीत. कडक निकष लावूनही हा कायदा कदाचित टिकला असता. पण सज्ञानांच्या हक्काला धक्का लागतो आहे हे मान्य करून, याहून कमी भार टाकणारा उपाय आहे का, हे राज्याकडून वदवून घेतले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. मला केगन यांची मांडणी पटते. ओळखीची माहिती साठवू नये असे टेक्ससचा कायदा सांगतो, साठवल्यास दंडही सांगतो. पण साठवली की नाही हे त्या गिऱ्हाइकाला कसे कळणार?

ब्रिटनचा इतिहास अधिक खडतर आहे, आणि म्हणून शिकण्याजोगा. 2017 च्या डिजिटल इकॉनॉमी ॲक्टमध्ये वयतपासणी होती. काम चित्रपटांना प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाकडे सोपवले होते. दोनदा मुहूर्त टळला. एकदा तर युरोपीय आयोगाला रीतसर कळवायचेच राहून गेले म्हणून. अखेर ऑक्टोबर 2019 मध्ये सरकारने ती योजना सोडून दिली. मग 2023 चा ऑनलाइन सेफ्टी ॲक्ट आला आणि ऑफकॉम ही नियामक संस्था कामाला लागली. दंड 1 कोटी 80 लाख पौंड किंवा जगभरच्या उलाढालीच्या 10 टक्के, यांतला जो मोठा तो. वय तपासायचे मार्ग अनेक : ओळखपत्र आणि सेल्फी जुळवणे, बँकेकडून खातरजमा, मोबाइल कंपनीकडून, क्रेडिट कार्ड, आणि चेहऱ्यावरून वयाचा अंदाज.

यातल्या चेहऱ्याच्या अंदाजाकडे नीट पाहा. फोनचा कॅमेरा चेहरा टिपतो आणि यंत्र वय सांगते. त्याला नाव लागत नाही, कागद लागत नाही, म्हणून तो सर्वांत कमी जाचक भासतो. पण अंदाजात दोन-तीन वर्षे इकडेतिकडे होतात, आणि नेमक्या अठराच्या उंबरठ्यावर तीच वर्षे मोलाची असतात. म्हणून सीमा वर सरकवतात : यंत्राला पंचवीसच्या पुढचा वाटलात तरच सरळ आत, नाहीतर कागद दाखवा. म्हणजे वीस-बावीस वर्षांच्या तरुणांना फिरून ओळखपत्राकडेच यावे लागते. जुलै 2025 मध्ये लोकांनी 'डेथ स्ट्रँडिंग' या खेळातल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून काही तपासण्या पार केल्याचे जाहीर झाले. त्याच दिवसांत ब्रिटनमध्ये ॲप स्टोअरच्या यादीत व्हीपीएन सर्वांत वर गेले.

त्याहून गंभीर गोष्ट ऑक्टोबर 2025 मध्ये घडली. डिस्कॉर्ड या संवादमंचाचे ग्राहकसेवेचे काम पाहणाऱ्या बाहेरच्या कंपनीतून सुमारे 70,000 वापरकर्त्यांच्या सरकारी ओळखपत्रांची छायाचित्रे बाहेर गेली असावीत, असे डिस्कॉर्डने सांगितले. वयाबद्दलच्या निर्णयावर दाद मागणाऱ्यांनी ती पाठवली होती. मुख्य तपासणी कितीही जपून केलेली असो, तक्रारीच्या खिडकीत कागद साठत गेले. कायद्याचा मसुदा वाचताना आपण मुख्य दाराकडे पाहतो. अपिलाच्या खिडकीकडे पाहायची सवय या क्षेत्रात लावून घ्यावी लागते.

मग न साठवता तपासता येते का? तत्त्वतः येते, आणि या विषयातले मला सर्वांत आशादायक वाटणारे काम हेच आहे. फ्रान्समध्ये नियामकांनी 'दुहेरी अनामिकता' हे तत्त्व पुढे ठेवले. तुमचे वय ज्याला ठाऊक आहे, उदाहरणार्थ बँक, त्याला तुम्ही कुठल्या संकेतस्थळावर चालला आहात ते कळता कामा नये. आणि संकेतस्थळाला तुम्ही कोण ते कळता कामा नये. यामागचे गणित जुने आहे. डेव्हिड चॉम यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला अशी सही मांडली, की सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो आहोत ते दिसत नाही, पण सही खरी आहे हे पुढे कोणालाही पडताळता येते. बंद पाकिटात कार्बन घालून वरून सही घ्यावी, तसे ते. 1985 मध्ये गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांनी त्याहून पुढची गोष्ट दाखवली : एखादे विधान खरे आहे एवढेच पटवून द्यायचे, बाकी काहीच उघड करायचे नाही. 'माझे वय अठराच्या वर आहे' हे असेच एक विधान. युरोपीय आयोगाने जुलै 2025 मध्ये वयतपासणीच्या ॲपचा जो नमुना पुढे आणला, त्याची दिशा हीच आहे.

पण गणित सुटले म्हणून व्यवहार सुटत नाही. पुरावा जितका बेनामी, तितका तो दुसऱ्याला वापरायला देणे सोपे. थोरल्या भावाच्या फोनवरचा दाखला धाकटा वापरेल. ते रोखायला दाखला फोनशी किंवा बोटाच्या ठशाशी बांधावा, तर माणूस पुन्हा त्या दाखल्याला चिकटला. ही ओढाताण कुठे थांबवायची हे गणित ठरवू शकत नाही. ते कायद्यालाच ठरवावे लागेल.

मराठी वाचकाला हा विषय दूरदेशीचा वाटण्याचे कारण नाही. 2001 मध्ये सायबर कॅफेत मुलांना अश्लील संकेतस्थळे सहज उघडता येतात ही तक्रार मुंबई उच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने समिती नेमली आणि 2002 च्या आरंभी तिचा अहवाल आला. कॅफेत येणाऱ्याचे छायाचित्र असलेले ओळखपत्र पाहावे, अल्पवयीनांना बंदिस्त कप्प्यात न बसवता मोकळ्यावरच्या संगणकावर बसवावे, अशा त्या शिफारशी. प्लायवूडचे कप्पे आणि काउंटरवरची नोंदवही ज्यांना आठवते, त्यांना लुइझियानाचे ॲप फारसे नवे वाटणार नाही. त्या नोंदवह्यांचे पुढे काय झाले, यावर एखादा चांगला प्रबंध होऊ शकेल.

त्याहीपूर्वी, 1962 च्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकातल्या एका कथेवरून चंद्रकांत काकोडकरांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. तेव्हा आपल्या न्यायालयांवर 1868 च्या इंग्लंडमधल्या 'हिक्लिन' निवाड्याची छाया होती. ज्यांची मने अशा गोष्टींनी बिघडू शकतात त्यांच्या हाती पुस्तक पडले तर काय होईल, यावरून ते सगळ्यांसाठीच अश्लील ठरवणारा तो निकष. म्हणजे कोवळ्या वाचकाच्या मापाने मोठ्यांचे वाचन कापायचे. वयतपासणीचे समर्थक इथेच खरा मुद्दा मांडतात : मुलाला वेगळे ओळखता आले, तर मोठ्यांचे वाचन कापावे लागणार नाही. भारतात आजवर कापण्याचाच मार्ग धरला गेला. जुलै 2015 च्या अखेरीस सरकारने 857 संकेतस्थळे बंद करायला सांगितली, ओरड झाल्यावर काही दिवसांत आदेश सैल केला; 2018 मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 827 पुन्हा बंद झाली. पत्ते बदलून तीच संकेतस्थळे परत आली. अशा सरसकट बंदीपेक्षा जपून केलेली वयतपासणी बरी, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

मात्र त्यातही एक धोका आहे आणि तो ओळखायला र. धों. कर्वे यांचे उदाहरण पुरेसे आहे. 1927 पासून 1953 पर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवले. शरीराची, संततिनियमनाची माहिती दिली म्हणून खटले सोसले. 1934 च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि तरी शिक्षा झाली. 'मुलांना अपायकारक' ही व्याख्या जिथे सैल असेल, तिथे आजही पाळीविषयी, गर्भनिरोधाविषयी, समलिंगी असण्याविषयी विचारणारी पंधरा वर्षांची मुलगी कुंपणाबाहेर राहील. तिला जे कळायला हवे ते पोर्नच्या रांगेत बसवले जाता कामा नये. याबाबत मी तटस्थ नाही.

आपल्याकडे आता 2023 चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहे आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियम आले. अठरा वर्षांखालच्यांची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळण्याजोगी संमती लागेल. डिजिलॉकरमार्फत मिळणाऱ्या टोकनचाही नियमांत उल्लेख आहे. ही सगळी रचना एका माणसाचा एक फोन धरून चालते. चाळीतल्या दोन खोल्यांत किंवा वाडीवरच्या घरात एकच फोन आई, आजोबा आणि दोन मुले मिळून वापरत असतील, तर फोनला कोणाचे वय मानायचे? परदेशी ग्रंथांत या प्रश्नाला फारशी जागा नाही, आणि मराठी अभ्यासकाला तो हाताच्या अंतरावर आहे.

सुरुवात करणाऱ्याने 'गिन्सबर्ग'पासून करावी, निवाडा छोटा आहे. मग थॉमस आणि केगन एका बैठकीत, पाठोपाठ. त्यानंतर वय तपासणाऱ्या कुठल्याही एका कंपनीचे गोपनीयता धोरण उघडावे आणि त्यात तीनच गोष्टी शोधाव्यात : चेहऱ्याचे छायाचित्र किती वेळ ठेवतात, ते कोणत्या देशातल्या सर्व्हरवर असते, आणि यंत्र चुकले तर कागद कोणाकडे पाठवायचा. हे झाले की वही घेऊन जवळच्या एखाद्या शाळेत जावे. मुख्याध्यापकांची आणि पालकांची परवानगी घेऊन, घरात फोन कोणाच्या नावावर आहे आणि संध्याकाळी तो कोणाच्या हातात असतो, एवढे आधी विचारावे.